पिल्लं खातात पण अंग धरत नाहीत? कोंबडीच्या पिल्लांवरचा ताण आणि खाद्याचा हिशोब, नवीन लोकांसाठी

नवीन शेड टाकलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिल्या बॅचला हाच प्रश्न असतो, की खाद्य चांगल्यातलं आणलंय, फीडर रिकामा होतोय, पाणीपण आहे, मग पिल्लं वाढत का नाहीत, एक मोठं आणि एक एवढंसं असं का दिसतंय, आता कोणतं टॉनिक देऊ. मी पिल्लं वाढवतो, नवीन लोकांना सुरुवात करून द्यायला मदतही करतो, त्यामुळे हे सारखं कानावर येतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, टॉनिकचं नंतर बघू, आधी पिल्लावर कसला ताण आहे ते शोधा. ताणात असलेल्या पिल्लाला कितीही भारी खाद्य घाला, ते वाढीला लागतच नाही, दुसरीकडेच खर्च होऊन जातं.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांबद्दल आहे. ब्रॉयलर (मांसाची) असो, लेयर (अंड्याची) असो, नाहीतर देशी जात, शरीराचं काम सारखंच चालतं, फक्त वाढीचा वेग वेगळा. पहिला मुद्दा थोडा शास्त्राचा आहे पण तो सोडू नका, तो डोक्यात बसला की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

## १. ताणात खाल्लेलं नेमकं जातं कुठे ते समजून घ्या

थंडी वाजली, उकडलं, तहान लागली, गर्दी झाली, लस टोचली, शेडजवळ कुत्रं भुंकलं, कारण काहीही असो, शरीर सुरुवातीला एकाच पद्धतीने वागतं. आधी ॲड्रेनालिन सुटतं, यकृतात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन फोडून रक्तात सोडलं जातं, छाती धडधडते, पिल्लू पळायच्या तयारीत येतं. एवढ्यावर थांबलं तर काही बिघडत नाही, पाच मिनिटांनी पिल्लू परत दाणे टिपायला लागतं.

पण कारण तसंच राहिलं, म्हणजे रात्रभर थंडी किंवा दुपारभर उकाडा, तर मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीमार्फत ॲड्रिनल ग्रंथीला निरोप जातो आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं हार्मोन यायला लागतं. माणसात जे काम कॉर्टिसॉल करतं ते कोंबडीत हे करतं. याचं मुख्य काम, कसंही करून रक्तात साखर चालू ठेवायची. आता कोंबडीच्या रक्तातली साखर मुळातच माणसाच्या जवळपास दुप्पट, १०० मिलि रक्तात २०० ते २५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पिल्लाच्या यकृतातला साठा असतो थोडासा, तो पटकन संपतो, मग शरीर स्नायूंमधलं प्रोटीन तोडतं आणि त्यातल्या अमिनो ॲसिडपासून साखर बनवतं. प्रोटीन तुटलं की उरलेला नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन विष्ठेतून बाहेर. म्हणजे खाद्यातलं सगळ्यात मोलाचं जे प्रोटीन, ते मांस व्हायच्या ऐवजी जाळलं जातं. आणि त्याच वेळी पोटात आणि यकृतात चरबी मात्र साठत जाते. प्रयोगात कोंबड्यांना नुसतं हे हार्मोन देऊन बघितलंय, खाणं फारसं कमी होत नाही तरी वजन मागे पडतं, छातीचं मांस कमी आणि पोटातली चरबी जास्त. “खातात पण वाढत नाहीत” याचं उत्तर इथे आहे.

घरात मोठं आजारपण आलं की पोरांच्या शिक्षणाला ठेवलेले पैसे दवाखान्यात जातात, पगार तेवढाच येत असतो पण शिक्षण थांबतं, तसंच हे.

दुसरं नुकसान आतड्यात होतं आणि ते लवकर दिसत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात पिल्लाचं आतडं बाकी शरीरापेक्षा जास्त वेगाने वाढत असतं, आतल्या बाजूला जी बारीक बोटांसारखी व्हिलाय असतात, जी अन्न शोषून घेतात, ती याच दिवसांत लांब होतात. ताण आला, खास करून उष्णतेचा, की रक्त आतड्याकडून कातडीकडे वळतं, पाचकरस कमी पडतात, आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि आतले जंतू, त्यांची विषं रक्तात शिरायला वाट मिळते. मग ई. कोलाय, क्लॉस्ट्रिडियम अशा जंतूंचा त्रास वाढतो. त्यात तेच कॉर्टिकोस्टेरॉन हार्मोन बर्सा आणि थायमस हे प्रतिकारशक्तीचे अवयव आकसवतं, म्हणून ताणातल्या बॅचला लस पण नीट लागत नाही.

लॅबमध्ये ताण मोजायला रक्तातल्या हेटरोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाण बघतात, १९८३ साली ग्रॉस आणि सीगल यांनी ते कोंबड्यांसाठी मांडलं आणि अजूनही वापरतात. आपल्याला एवढं करायची गरज पडत नाही. हात, डोळे, कान आणि एक वजनकाटा यावर पुष्कळ कळतं.

## २. सामान आधी जमवा

पिल्लं आल्यावर धावपळ करायची नाही, हे सगळं आदल्या दिवशी शेडमध्ये हवं:

- दोन-तीन थर्मामीटर, आणि ते भिंतीवर नाही तर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगायचे. भिंतीवरचं थर्मामीटर तुमचं तापमान सांगतं, पिल्लाचं नाही
- आर्द्रता दाखवणारं मीटर
- १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं बुटकं कुंपण, गोलाकार लावायचा, कोपरा ठेवायचा नाही कारण पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात
- १०० पिल्लांमागे निदान एक खाद्याचा ट्रे आणि एक छोटा ड्रिंकर म्हणजे पाण्याचं भांडं, मी दोन्ही याहून जास्तच ठेवतो
- पहिल्या दिवसांसाठी लिटरवर (जमिनीवर पसरलेल्या भुशावर) अंथरायला कागद
- इलेक्ट्रोलाइट पावडर, व्हिटॅमिन सी, एडी३ई (व्हिटॅमिन ए, डी३ आणि ई) आणि बी-कॉम्प्लेक्स
- कापूस आणि कोमट पाण्याचं भांडं
- वही आणि पेन, मोबाईलमध्ये लिहिता येतं पण शेडमधली वही कुणीही उघडून बघू शकतं

कागदपत्रांत पिल्लांची पावती, हॅचरीत कोणत्या लसी दिल्या त्याची नोंद आणि खाद्याच्या गोणीवरचं लेबल एवढं जपून ठेवा, लेबल फाडून वहीत चिकटवलं तर सगळ्यात बरं.

## ३. शेड आधी तापवा, पिल्लं नंतर

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं साधन, पिल्लं यायच्या किमान २४ तास आधी चालू करायचा. कारण नुसती हवा गरम होऊन भागत नाही, लिटर आतपर्यंत गरम व्हायला वेळ लागतो, आणि पिल्लू त्या लिटरवर उघड्या पायाने उभं असतं. लिटरचं तापमान २८ ते ३० अंश, ब्रूडरखाली पिल्लाच्या उंचीला ३२ ते ३५ अंश, आर्द्रता पहिल्या तीन दिवसांत ६० ते ७० टक्के. नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी तापमान उतरवत २१ अंशांपर्यंत यायचं.

इतकी काळजी का, तर एका दिवसाच्या पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा म्हणजे उष्णता भराभर निघून जाते. दोन-तीन आठवड्यांत पिसं येईपर्यंत ते बाहेरच्या उष्णतेवरच अवलंबून असतं.

हवा येण्याची वाट पूर्ण बंद करू नका. गरम राहावं म्हणून सगळे पडदे आवळून टाकले की अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो वेगळाच ताण सुरू होतो. अमोनिया उभं राहून कळत नाही, खाली बसा, नाक पिल्लाच्या उंचीला न्या आणि दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर पिल्लं चोवीस तास त्यातच आहेत हे लक्षात घ्या.

## ४. पहिले २४ तास, इथे ढिलाई नको

एक जुना समज आहे की पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस काही द्यायची गरज नसते, पोटात बलक असतो. अर्धं खरं आहे. बलक असतो, वजनाच्या साधारण १० ते २० टक्के, आणि त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस जगू शकतं, म्हणूनच तर पिल्लांची लांबची वाहतूक जमते. पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. त्या बलकात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात, आतड्याच्या वाढीला लागणारा माल असतो, तो नुसता ऊब टिकवायला जाळला गेला तर नुकसानच आहे. आणि गंमत म्हणजे ज्या पिल्लाला लवकर दाणा मिळतो त्याचा बलक उपाशी पिल्लापेक्षा लवकर वापरला जातो, कारण आतडं हलायला लागलं की बलक पण आतड्यात ओढला जातो. छातीच्या मांसाचा पायासुद्धा याच आठवड्यात पडतो, त्या वेळी उपास घडला तर नंतर कितीही खायला घातलं तरी सगळं भरून निघत नाही.

म्हणून पिल्लं उतरवल्यावर आधी पाणी, खोलीच्या तापमानाचं, गार नाही. लांबून आलेली असतील तर थोड्या पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. पायाची नळी बघा, कोरडी, सुरकुतलेली आणि शिरा वर आलेल्या दिसल्या तर पिल्लू वाटेत सुकलेलं आहे, अशा बॅचला पहिल्या दिवशी एक लिटर पाण्याला दोन-तीन चमचे साखर आणि इलेक्ट्रोलाइट घालून पाणी द्या, पण एकच दिवस. पाणी मिळाल्याबरोबर खाद्य समोर असलंच पाहिजे, ट्रेमध्येही आणि कागदावरही, थोडं थोडं पण सारखं ताजं टाकत राहायचं. उजेड पहिले काही दिवस भरपूर ठेवा, दिवसातून तासभर अंधार पुरे, नंतर हळूहळू अंधार वाढवत आठवड्याअखेर चार-सहा तासांवर न्या. अंधारातली विश्रांतीसुद्धा वाढीला लागते.

आता सगळ्यात कामाची तपासणी, क्रॉप बघणं. गळ्याखाली उजव्या बाजूला खाद्याची पिशवी असते, दोन बोटांत हलकेच धरायची. मऊ, पिठल्यासारखी लागली तर पिल्लाने दाणा आणि पाणी दोन्ही घेतलंय. टणक आणि दाणे हाताला लागले तर दाणा खाल्लाय पण पाणी मिळालेलं नाही, ड्रिंकर कमी आहेत किंवा लांब आहेत. नुसती फुगलेली, पाण्याने भरलेली असेल तर पाणी पिऊन पोट भरलंय आणि दाणा सापडलेला नाही. रिकामी असेल तर त्या पिल्लाचं काहीच सुरू झालेलं नाही. शेडच्या वेगवेगळ्या भागांतून तीस-चाळीस पिल्लं घ्या, एकाच ठिकाणची धरलीत तर फसाल. दोन तासांनी १०० पैकी ७५ पिल्लांचे क्रॉप भरलेले हवेत, १२ तासांनी ८५ आणि २४ तासांनी ९५ च्या वर. यापेक्षा कमी असेल तर खाद्याला नाव ठेवण्याआधी तापमान, उजेड आणि ड्रिंकरची जागा बघा.

क्रॉप बघताना त्याच पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला किंवा मानेला लावून बघा. गार लागले तर खालची जमीन गार आहे, थर्मामीटर काहीही दाखवू दे. गार पायाचं पिल्लू फीडरपर्यंत चालत जात नाही, ब्रूडरखालीच बसून राहतं.

## ५. थंडीचा ताण कसा ओळखायचा

पिल्लं एकावर एक चढून घोळका करतात, मोठ्याने तीक्ष्ण ओरडतात. खूश पिल्लांचा आवाज हलका, किलबिल असा असतो, दोन्हीतला फरक एकदा कानाला कळला की शेडच्या दारातूनच समजतं. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. सारखी पसरलेली, काही खातायत काही झोपलीत, म्हणजे बरोबर आहे.

थंडीत शरीर थायरॉईडचं टी३ हार्मोन वाढवतं, चयापचय जोरात चालतं, ऊर्जा उबेसाठी जळते. पिल्लू जास्त खातं आणि तरी कमी वाढतं, म्हणजे एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागतं तो आकडा) बिघडतो. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये आणखी एक धोका, वाढलेल्या चयापचयाला ऑक्सिजन जास्त लागतो, हृदय आणि फुप्फुसावर भार येतो आणि पुढे काही पक्ष्यांच्या पोटात पाणी होतं. पोटात पाणी झालेला पक्षी दिसतो चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पण त्याची सुरुवात कित्येकदा पहिल्या आठवड्यातल्या गार रात्रींमध्ये असते, म्हणून रात्री दोन-तीन वाजता एकदा तरी शेडमध्ये चक्कर मारा. संध्याकाळी सगळं ठीक दिसतं आणि पहाटे तापमान पडतं, खरा घोळ तेव्हाच होतो.

थंडी लागलेल्या किंवा जास्त तापलेल्या पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद होते. ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करून पुसा, कोरडं करा आणि मगच ब्रूडरमध्ये सोडा. मग तापमान तपासा, कारण दहा पिल्लांची अशी अवस्था असेल तर दोष पिल्लांत नाही.

## ६. उष्णतेचा ताण, इथे जरा थांबून वाचा

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणं, आणि पंख अंगापासून लांब धरणं. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, शरीर ते सावरायला लघवीवाटे बायकार्बोनेट टाकतं, सोबत पोटॅशियमसारखे क्षारही जातात. म्हणून उष्णतेत इलेक्ट्रोलाइटचा खरा उपयोग आहे. थंडीत जे टी३ वाढलं होतं ते इथे कमी होतं, शरीर स्वतःच चयापचय मंद करतं, भूक मारतं, कारण दाणा पचवतानासुद्धा उष्णता तयार होते.

ही पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर लगेच नाही, काही तासांनी शिखरावर येते. म्हणजे सकाळी अकराला भरपेट खाल्लेल्या पक्ष्याची आतली भट्टी ऐन दुपारी पेटते. त्यामुळे तीन आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना कडक उन्हाच्या दिवसात दुपारी खाद्य वर उचलून पहाटे आणि संध्याकाळनंतर द्यायचं, हे चांगलं जमतं. पण एक लक्षात ठेवा, पहिल्या दोन आठवड्यांतल्या पिल्लांना असं उपाशी ठेवायचं नाही, त्यांच्यासाठी तापमान कमी करणं, हवा खेळती ठेवणं, गर्दी कमी करणं हाच उपाय.

पाणी साध्या हवेत खाद्याच्या साधारण दुप्पट लागतं, उष्णतेत त्याच्या कितीतरी वर जातं. पाणी गार ठेवा, टाकी उन्हात असेल तर झाका, पाइपमध्ये तापलेलं पाणी दुपारी सोडून द्या. कोमट पाणी पक्षी टाळतो, आणि पाणी कमी प्यायला की दाणा त्याहून कमी खातो.

उष्णतेत खाणं कमी झालं म्हणून बरेच जण जास्त प्रोटीनचं खाद्य आणतात. याने उलटं होऊ शकतं. प्रोटीन पचवताना उष्णता सगळ्यात जास्त, चरबी पचवताना कमी. म्हणून खाद्य बनवणाऱ्याला विचारा की थोडी ऊर्जा तेलातून येऊ शकते का, आणि एकूण प्रोटीन न वाढवता लायसिन-मिथिओनिन या अमिनो ॲसिडचा तोल बरोबर आहे का. घरी गोणीत अंदाजाने तेल ओतू नका, खाद्य खवट होतं.

लहान पिल्लांच्या बाबतीत उष्णतेचा ताण बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, आपणच ब्रूडर जास्त ठेवलेला असतो. पिल्लं ब्रूडरपासून लांब, गार्डला चिकटून, चोची उघड्या, अशी दिसली की ब्रूडर वर उचला.

## ७. एकाच दिवशी सगळे ताण देऊ नका

१९८९ साली मॅकफार्लेन, कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात अमोनिया, उष्णता, कॉक्सी (आतड्यातल्या परजीवीचा रोग), चोच कापणं, सततचा आवाज असे वेगवेगळे ताण एकेकटे आणि एकत्र देऊन पाहिले. निघालं असं की नुकसान बेरजेने वाढत जातं, एक ताण आहे म्हणून दुसऱ्याचा त्रास कमी होत नाही.

हे रोजच्या कामात वापरायचं म्हणजे काय, तर वेळापत्रक बघा. लसीच्या दिवशी खाद्य बदलायचं नाही, खाद्य बदलताना शेड बदलायची नाही, लिटर उलथायचं काम लसीच्या दुसऱ्या दिवशी ठेवायचं नाही. दोन कामांमध्ये दोन-तीन दिवस सोडा. स्टार्टरवरून, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यावरून, पुढच्या खाद्यावर जाताना तीन-चार दिवस मिसळत मिसळत जा, एका रात्रीत बदललं तर पिल्लं बिचकतात आणि विष्ठा पातळ होते. पिल्लं पकडायची असतील तर उजेड कमी करून, हळू. बाकी आवाज, अनोळखी माणसं, कुत्री-मांजरं हे आटोक्यात ठेवा, एवढं पुरे.

## ८. पाण्यातून काय द्यायचं आणि किती दिवस

व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतःच्या किडनीत बनवते, म्हणून एरवी बाहेरून द्यायची गरज नसते, पण ताणात लागतं जास्त आणि बनतं ते पुरत नाही. पाण्यात ते लवकर खराब होतं त्यामुळे सकाळी टाकीभर करून संध्याकाळपर्यंत चालवू नका, थोडं थोडं ताजं करा. लस, वाहतूक, शेड बदल याच्या आदल्या दिवशी आणि नंतर दोन दिवस, एवढं माझ्या मते योग्य. प्रमाण पाकिटावरचंच पाळा. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम पेशींची झीज कमी करतात, ते चांगल्या खाद्यात असतात, सेलेनियम मात्र वरून स्वतःच्या मनाने देऊ नका कारण जास्त झालं तर विषारी आहे.

इथल्या काही चुका नेहमी दिसतात:

- इलेक्ट्रोलाइट आठवडाभर चालू ठेवणं. पिल्लं पाणी जास्त पितात, लिटर ओलं होतं, अमोनिया वाढतो, म्हणजे एक ताण घालवायला दुसरा आणला.
- लस पाण्यातून असताना त्याच पाण्यात व्हिटॅमिन किंवा क्लोरीन. जिवंत लस क्लोरीनने मरते, आधीपासूनच ते बंद करावं लागतं.
- कॉक्सीसाठी अँप्रोलियम चालू असताना बी-कॉम्प्लेक्स. ते औषध परजीवीला बी१ मिळू देत नाही म्हणून काम करतं, वरून बी१ दिलं की औषधाचा जोर जातो.
- पिल्लं मलूल दिसली की लगेच अँटिबायोटिक. ताणावर ते औषधच नाही, उलट आतड्यात नुकतेच बसत असलेले चांगले जंतू मरतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच.

## ९. खाद्य निवडताना

ब्रॉयलर पिल्लांच्या स्टार्टरमध्ये २२-२३ टक्के प्रोटीन, लेयरच्या पिल्लांना १८ ते २० टक्के, कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास. अंड्यावर आलेल्या मोठ्या कोंबड्यांचं खाद्य शिल्लक आहे म्हणून पिल्लांना कधीही घालू नका, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांच्या किडन्या खराब होतात आणि आतल्या अवयवांवर युरेटचा (युरिक ॲसिडच्या क्षाराचा) पांढरा थर बसतो. उन्हाने पाणी कमी प्यायलेल्या पिल्लांत हे आणखी लवकर होतं.

गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. ओल लागली की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, आणि ते थेट यकृतावर जातं. ताणात सगळा साखर-चरबीचा कारभार यकृतच सांभाळत असतं, त्यामुळे बुरशीचं खाद्य ताणातल्या पिल्लांना दुप्पट नडतं. वास कुबट आला किंवा गाठी झाल्या असतील तर ती गोणी वापरायची नाही, चाळून उन्हात वाळवून पण नाही, विष वाळवून जात नाही.

## १०. वजन, पिसं आणि वही

सातव्या दिवशी सकाळी वजन करा. ब्रॉयलर पिल्लू ४० ग्रॅमचं आलं असेल तर १६० च्या वर, चांगल्या बॅचला १८० च्या आसपास किंवा जास्त हवं. लेयरचं पिल्लू तेवढ्यात साधारण पावणेदोन ते दोन पट होतं, त्याला ब्रॉयलरचा हिशोब लावून घाबरू नका. नुसती सरासरी काढून थांबू नका, एकेक वजन लिहा. सरासरीच्या १० टक्के वर-खाली या पट्ट्यात १०० पैकी ८० पिल्लं बसली तर बॅच एकसारखी आहे. सरासरी ठीक पण लहान-मोठी फार असतील तर काही पिल्लांपर्यंत दाणा-पाणी-ऊब पोचत नाहीये, फीडर आणि ड्रिंकरची संख्या, उंची, जागा बघा.

दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाचा पंख उलगडून उजेडाकडे धरा. पिसावर आडवी, पातळ, जरा पारदर्शक रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना त्या दिवशी पिल्लावर ताण आला होता किंवा दाणा मिळाला नव्हता. बऱ्याच पिल्लांच्या पिसांवर एकाच उंचीला रेघ असेल तर वही उघडून मागे जा, लस होती का, लाईट गेली होती का, खाद्य संपलं होतं का.

वहीत रोज एवढंच लिहा: सकाळ-दुपार-पहाटेचं तापमान, खाद्य किती संपलं, पाणी किती संपलं, मर किती, आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं का. पाण्याचा आकडा सगळ्यात आधी बोलतो, पाणी अचानक कमी किंवा जास्त झालं की दाण्यावर आणि वजनावर परिणाम बहुतेक वेळा नंतर दिसतो.

तापमान, हवा, पाणी, खाद्य सगळं तपासूनही रोजची मर वाढत असेल, विष्ठेत रक्त दिसत असेल, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी मेलेल्या पिल्लांच्या पोटात अजून बलक असून त्याला वास येत असेल, तर तो नुसता ताण नाही, रोग आत शिरलेला आहे. तेव्हा पशुवैद्यकाकडे जा, सोबत वही, खाद्याचं लेबल, लसीची नोंद आणि मूठभर खाद्य न्या, आणि त्याच दिवशी मेलेली दोन-तीन पिल्लं पिशवीत घालून बर्फासोबत न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठल्यावर आतलं मांस फाटतं आणि शवविच्छेदनात नीट काही कळत नाही.